हायड्रो, हायग्रो आणि वहिनी

वहिनीचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं, तेव्हा तिचं लग्न माझ्या मोठ्या भावाशी ठरलं. बोलणी मध्य प्रदेशातल्या सौसरला, आमच्या घरी झाली. तिचे वडील नागपूरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आले होते. रेल्वेत कारकून, बारीक अंगाचे, बोलताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवणारे. देण्याघेण्याचं सगळं झाल्यावर ते म्हणाले, "एकच मागणं आहे. पोरीचं शेवटचं वर्ष तेवढं होऊ द्या."

मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होते. बाबा मोठ्याने हसले. म्हणाले, "मी स्वतः मास्तर आहे. माझ्या घरात शिक्षण अडेल का?"

तिचे वडीलही हसले. खूप दिवसांनी हसल्यासारखे.

बाबा रामाकोन्याच्या शाळेत हेडमास्तर होते. पंधरा ऑगस्टला ते मुलींच्या शिक्षणावर बोलत, आणि चांगलं बोलत. नुसतं बोलत नसत. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या दारात जाऊन त्यांच्या पोरींची नावं त्यांनी शाळेत घातली होती. हे खोटं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. नाही तर पुढचं सगळं वाचून कोणाला वाटेल, बाबा ढोंगी होते. ढोंगी माणसाला निदान आपण ढोंग करतो आहोत हे ठाऊक असतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. जुलै आला, कॉलेजं उघडली, आणि घरात कोणी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. वहिनीने दादाला विचारलं. दादा पाटबंधारे खात्यात बाबू होता. गरीब स्वभावाचा, घरात पाहुण्यासारखा वावरणारा. तो म्हणाला, "बाबांना विचार." तिने बाबांना विचारलं. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आताच तर आली. जरा घर समजू दे. पुढल्या वर्षी पाहू. अन् एवढीच घाई असंल तर बी.ए. कर ना, घरी बसून होते."

बी.एस्सी.ला प्रॅक्टिकल असतात, ते घरी बसून होत नाही, हे बाबांना माहीत होतं. वहिनी "बरं" म्हणाली आणि आत जाऊन कणीक भिजवायला बसली.

त्या वर्षी मी नववीत होते. आठवीपर्यंत आमचं सगळं मराठीत झालं. नववीत विज्ञान घेतलं की पुस्तक हिंदी, आणि हिंदीच्या पोटात इंग्रजी शब्द, बोटभर लांबीचे. सर जबलपूरकडचे होते. ते फळ्यावर शब्द लिहीत आणि म्हणत, "रट लो." आमच्या मराठीचं त्यांना हसू यायचं. एकदा मी उभी राहून "सर, मैं याद कर के राहिली" असं काहीसं बोलून गेले, तर त्यांनी ते वाक्य आठवडाभर वर्गात म्हणून दाखवलं. त्यानंतर मी विचारणंच सोडून दिलं. तिमाहीत जीवशास्त्रात आणि रसायनात, दोन्हीत नापास झाले. बाबांनी मारलं नाही. पेपर आईच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "हिले आर्ट्सले टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी परसात तुरीची डाळ निवडत होती. मी पायरीवर बसून डोळे मिटून अक्षरं म्हणत होते.

"काय घोकून राहिली?" तिने विचारलं.

"हायड्रोट्रॉपिझमचं स्पेलिंग."

"म्हणजे काय ते?"

"म्हणजे काय ते माहीत नाही. स्पेलिंगच पाठ करायचं आहे."

तिने सूप बाजूला ठेवलं. "बिनपगारी म्हणजे काय?"

"पगार नसलेला."

"बिनपाण्याची विहीर?"

"पाणी नसलेली."

"बिनडोक?"

"मी," मी म्हटलं. वहिनी खळखळून हसली. आमच्या घरात ती तशी हसलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"तुला 'बिन' कोणी रटायला लावलं होतं का? नाही ना. पुढचा तुकडा ओळखीचा झाला की झालं. इंग्रजीतही तसंच आहे. हायड्रो म्हणजे पाणी. ट्रॉपिझम म्हणजे वळणं. आता सांग."

"पाण्याकडे वळणं?"

"काय वळतं पाण्याकडे?"

तिने मोरीच्या बाजूच्या पपईकडे बोट दाखवलं. मागच्या महिन्यात त्या पपईच्या मुळांनी मोरीची नाली फोडली होती आणि दादाने ती दोनदा बुजवली होती. मी पपईकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि मला एकदम रडूच आलं. इतकं सोपं होतं ते. तीन महिने मी त्या शब्दाला घाबरून रात्री दचकून उठत होते.

तिथून सुरू झालं. वहिनी लाकडी पाटावर बसून ओल्या बोटाने फरशीवर इंग्रजी शब्द लिही. फरशी तापलेली असायची, शब्द वाळून जायच्या आत मला तो तोडून दाखवावा लागे. हायड्रोजन, पाणी तयार करणारा. हायड्रोलिसिस, पाण्याने फोडणं. हायड्रोफाइट, पाण्यातली वनस्पती. हायड्रोफोबिया, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला पाण्याची वाटते ती भीती. एका हायड्रोमागे किती जण लपून बसले होते! मग फोटो. "फोटो म्हणजे आपला चेहरा नाही," वहिनी म्हणायची, "फोटो म्हणजे उजेड." मग थर्मो, मग एंडो आणि एक्सो. हायपो आणि हायपर यांच्यात माझा घोळ व्हायचा. ती म्हणाली, "हायपरमध्ये 'पर' आहे. परमेश्वर वर असतो. बस." ते खरं कारण नव्हतं, पण मला आजही तसंच आठवतं.

आईने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नणंद लहान असली तरी ताई म्हणत जाय, अन् तुम्ही म्हणत जाय." घरात चार माणसांसमोर ती मला ताई आणि तुम्ही म्हणे. परसात आम्ही दोघीच असलो की 'तू' आणि माझं नाव. शब्द शिकवताना तर ती मला "बिनडोक" अशीच हाक मारायची. मी धावत जायचे.

सहामाहीत पास झाले. वार्षिकला वर्गात पहिली आले. जबलपूरचे सर काही बोलले नाहीत, पण ते वाक्य म्हणून दाखवणं त्यांनी बंद केलं. बाबा मात्र बोलू लागले. घरी कोणी आलं की मला बाहेर बोलवायचे. "विचारा हिले सायन्सचा कोणताही शब्द. अर्थ सांगते पोट्टी." मी ओढणी सारखी करून उभी राहायचे आणि सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे. आतून चहा यायचा.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात बाबांचे एक जुने ओळखीचे आले. तिगावचे, पांढुर्ण्याला बरीच वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. बाबांनी मला बोलावलं. त्यांनी दोन-तीन शब्द विचारले, मी सांगितले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बरं बेटा, हायड्रो अन् हायग्रो, दोघात फरक काय?"

मला वाटलं, त्यांची जीभ घसरली. मी म्हटलं, "हायड्रोच असेल."

"नाही. हायग्रो वेगळा आहे."

बाबा माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "हायग्रो म्हणजे ओल. हवेतली. पावसाळ्यात मीठ ओल धरते ना, ते हायग्रोस्कोपिक."

आई ताडकन उठून आत गेली. तिचा दबका आवाज बाहेर ऐकू आला, "पाहुण्याइसमोर बोलते का व? काही लाजशरम?"

मास्तरांनी विचारलं, "कोण आहे आत?"

"सून आहे," बाबा म्हणाले. "नागपूरची. थोडंफार शिकली आहे."

"थोडंफार नाही हे," मास्तर म्हणाले. "बोलवा तिला."

वहिनी पदर घेऊन दारात आली. कुठपर्यंत शिकलीस, कोणते विषय, किती टक्के, सगळं त्यांनी विचारलं. ती खाली पाहून उत्तरं देत होती, पण आवाज स्पष्ट होता. मास्तर बाबांकडे वळले. "अहो, हेडमास्तर आहात तुम्ही. अशी सून अन् चुलीपाशी? पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी शब्द टाकतो. विद्यापीठ वेगळं आहे, दुसरं वर्ष पुन्हा करावं लागेल. करशील ना व बाई?"

"करीन," वहिनी म्हणाली. विचार करायला तिने श्वासभरही वेळ घेतला नाही.

पाहुण्यासमोर बाबा नाही कसं म्हणणार? "हो हो," ते म्हणाले. "आमचं ठरलंच होतं. या जुलैत पाठवूनच राहिलो होतो."

ती जुलैत जाऊ लागली. सकाळच्या पोळ्या, भाजी, दादाचा डबा, बाबांचं पूजेचं पाणी, सगळं करून ती पांढुर्ण्याची बस धरायची. परतीच्या बसच्या टपावर बाजाराचं सामान, आत बायाबापड्या, त्यांत उभी राहून ती यायची आणि आल्या पावली संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायची. हातांना प्रयोगशाळेतला कसलासा आंबट वास असायचा. तो तिला आवडायचा, हात लगेच धुवायची नाही. त्या पाच-सहा महिन्यांत ती बारीक झाली आणि बोलायला लागली. जेवताना दादाला सांगायची, आज बेडूक कापला, आज असं झालं, तसं झालं. दादा "हं" म्हणायचा. त्याच्या दफ्तरात लोक त्याला म्हणत, "बाबू, बायको कॉलेजात, तुम्ही घरी भाकरी थापता का?" ते तो घरी येऊन बाबांना सांगायचा. तिला सांगत नव्हता.

मी अकरावीत होते. तेव्हा मध्य प्रदेशात अकरावीच बोर्डाची असायची. जानेवारीत एके संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"यंदा हिची बोर्डाची परीक्षा आहे," बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले. "घरात कोणी तरी पाहिजे. तुमच्या सासूचे गुडघे चालत नाहीत. पाणी भरा, स्वयंपाक करा, हे हिच्यावर आलं तर ही अभ्यास कधी करेल? सूनबाई, यंदा राहू द्या तुमचं. पुढच्या वर्षी द्या परीक्षा."

वहिनी म्हणाली, "मामाजी, दोनच महिने राहिले. मी पहाटे उठून सगळं करत जाईन. ताईंना एका कामाला हात लावू देणार नाही."

"अन् हिचा अभ्यास कोण घेईल? तुम्ही तर बसमध्ये राहता."

मी म्हणाले, "बाबा, मी माझं करते. वहिनीला जाऊ द्या. पाणी मी भरीन, दोघींचं होईल."

"तू चूप बस. तुझ्यासाठीच करून राहिलो हे."

मी तरी बोलतच राहिले. बोलता बोलता आवाज चढला. दादाकडे वळून म्हटलं, "दादा, तू बोल ना काही." दादा पायाच्या अंगठ्याने सतरंजीची दशी ओढत होता. आईने माझा दंड धरून मला आत नेलं. बाहेर वहिनी एकटी बाबांसमोर बसली होती, आणि ती "बरं" म्हणाल्याचं मी आतून ऐकलं.

पुढच्या रविवारी तिचे वडील आले. कोणी कळवलं होतं मला माहीत नाही. बाबांनी त्यांना पाट दिला, चहा दिला, आमच्या झाडाची संत्री सोलून दिली. "तुमची पोरगी ती आमची पोरगी," बाबा म्हणाले. "पुढल्या वर्षी नक्की." त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. गाडीची वेळ झाली म्हणून उठले. वहिनी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली, तेव्हा ते नुसत्या तिच्या डोक्यावर दोन थापट्या मारून गेले.

आणि तिने माझा अभ्यास घेतला. हेच मला सहन होत नसे. चिडली असती, पुस्तक फेकलं असतं, तर बरं वाटलं असतं. ती रोज दुपारी फरशीवर शब्द लिहायची, मी तोडायचे, चुकले की समजावून सांगायची. 'बिनडोक' म्हणणं तेवढं थांबलं होतं.

मी विज्ञानात जिल्ह्यात वरच्या मुलींमध्ये आले. बाबांनी पेढे आणले. बाबांच्या शाळेतले शिक्षक, शेजारी, दादाच्या दफ्तरातले लोक, सगळे येऊन गेले. कोणीतरी विचारलं, "ट्यूशन लावली होती का?" बाबा म्हणाले, "कायची ट्यूशन? पोरीची जिद्द. अन् घरातलं वातावरण." वहिनी पेढ्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होती. मी म्हटलं, "वहिनीने शिकवलं." बाबा म्हणाले, "हो, हो, तिनेही मदत केली," आणि ताटातला पेढा उचलून पाहुण्याच्या हातावर ठेवला.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. त्याच्या पुढच्या वर्षी पोर अंगावर होतं. मग तो विषय आपोआप मेला. त्याला कोणी मारावं लागलं नाही. तिची पुस्तकं बाबांनी मला दिली. "तुझ्याच कामी येतील आता." मी त्याच बसने, त्याच कॉलेजात जाऊ लागले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमच्या सौसरची ती एक होती, हात फार स्वच्छ होता तिचा डिसेक्शनमध्ये, ती काहून सोडून गेली?" मी सांगितलं, घरची अडचण होती.

सुरुवातीला घरी येऊन मी वहिनीला विचारायचे, ती सांगायची. पण दिवसेंदिवस उत्तरं लहान होत गेली. एकदा ती परसात हरभरा पाखडत होती, पोर पाळण्यात होतं. मी पायरीवर बसले.

"वहिनी, हायपोजिअल. हायपो म्हणजे खाली. जिअल म्हणजे काय व?"

ती सूप हलवत राहिली. "मला नाही माहीत."

"असं कसं? तूच तर असे सगळे शब्द..."

"शिकवले असतील. आता तुम्ही कॉलेजात जाता. तिथे विचारा."

परसात आम्ही दोघीच होतो, आणि ती मला तुम्ही म्हणाली. मी म्हटलं, "वहिनी, तुला येते हे."

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "ताई, पुन्हा मला हे शब्द विचारत जाऊ नका. पोराला घ्यायचं तर घ्या, नाही तर वर जाऊन अभ्यास करा."

मी पोराला घेतलं. मी पुन्हा विचारलं नाही, तिने पुन्हा सांगितलं नाही.

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि पांढुर्ण्याला एका शाळेत विज्ञान शिकवू लागले, खोली घेऊन राहिले. लग्नाची घाई बाबांनी केली नाही. मला त्यांनी कधी काही कमी केलं नाही. माझ्या नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा ते निवृत्त झाले. शाळेच्या पटांगणात मंडप घातला, गावातले लोक आले. बाबा स्त्रीशिक्षणावर बोलले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही माझी कमाई." टाळ्या झाल्या. मग कोणीतरी म्हणालं, कन्येनेही दोन शब्द बोलावे.

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "मला विज्ञान माझ्या वहिनीने शिकवलं. तिचं स्वतःचं शिक्षण आमच्या घरात थांबलं. माझी परीक्षा आहे म्हणून थांबवलं. त्याआधी तिच्या वडिलांना शब्द दिला होता. आज ती इथे नाही, कारण संध्याकाळी आमच्याकडे पंगत आहे आणि ती स्वयंपाक करून राहिली आहे." आणि खाली बसले. मागच्या काही पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग त्यांनीही बंद केल्या. बाबा हाराच्या पाकळ्या मांडीवरून झटकत होते.

घरी बाबांनी एवढंच विचारलं, "आमच्यात काय कमी होतं, सांग." त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही, आणि राग येण्याइतकं बळही उरलं नव्हतं.

वहिनीला बातमी माझ्या आधीच पोचली होती. पंगत उठल्यावर ती खरकटी भांडी परसात नेत होती. मी मदतीला गेले. मला वाटलं होतं, ती काही म्हणेल. निदान माझ्याकडे पाहील.

"कोणाला विचारून बोलल्या तुम्ही?" ती म्हणाली.

"वहिनी, मी खरं तेच..."

"खरं मला माहीत नव्हतं का? आठ वर्षं मी तोंड मिटून ह्या घरात जागा केली. तुम्ही उद्या सकाळी बस धरून जाल पांढुर्ण्याला. मी कुठे जाऊ? उद्यापासून मामाजी माझ्या हातचं पाणी घेतील का, सांगा." तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "राहू द्या. तुमच्या हाताला नाही सवय."

बाबा तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. माझ्याशी मात्र पंधरवड्यात बोलायला लागले.

पुढच्या वर्षी वहिनीने शिवणाच्या क्लासला जाऊ का म्हणून विचारलं. बाबांनी एका शब्दात हो म्हटलं, वर नागपूरहून मशीनही आणून दिलं, आणि ते बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं. गल्लीतल्या बायका ब्लाउज शिवून घ्यायला येत. मापं देता देता म्हणत, मास्तरांनी सुनेला लेकीसारखं ठेवलं हो. वहिनी तोंडात टाचण्या धरून "हं" म्हणायची.